न घासलेला तुकडा

माझ्या पत्नीच्या इस्पितळातल्या दाखल-कागदावर इंग्रजीत एक ओळ आहे. तिचा अर्थ असा : पतीच्या सांगण्यानुसार रुग्ण जमिनीवर बसली, त्यानंतर मांडीच्या हाडाला बसवलेली पट्टी मोडली. ओळ लिहिली एका तरुण डॉक्टरने. सांगितली मी. पुढे जवळजवळ चार वर्षे, ती पट्टी बनवणाऱ्या कंपनीने ग्राहक आयोगात आमच्याविरुद्ध जे काही उभे केले, ते या एका ओळीच्या पायावर. हे आरंभीच सांगतो. मागाहून कोणी शोधून काढावे, अशी व्यवस्था मला ठेवायची नाही.

मी रत्नागिरीच्या सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत एकतीस वर्षे टर्नरचा निदेशक होतो. लेथवर लोखंड कसे कातावे, हे शिकवणे माझे काम. बंदरातल्या मच्छीमार नौकांचे मोडलेले शाफ्टही अधूनमधून माझ्यापुढे येत. इंजिनाची ताकद पाण्यातल्या पंख्यापर्यंत नेणारा तो पोलादी दांडा. एकदा एका मालकाने असा दांडा आणून टाकला आणि म्हणाला, तांडेलाने नौका खडकावर घातली, त्याला आजच काढतो. नौका चालवणारा तो तांडेल मागे मान खाली घालून उभा होता. मी दांड्याचे मोडलेले तोंड पुसले नाही, उजेडात धरले. तिसऱ्यांच्या, खाडीतल्या त्या लहान शिंपल्यांच्या, पाठीवर जशा एकामागे एक कमानी असतात, तशा कमानी त्या पोलादावर उमटलेल्या होत्या. घाव बसून एकदम मोडलेले पोलाद खडीसाखरेसारखे खरखरीत दिसते. कमानी उमटतात त्या आतल्या आत, दिवसेंदिवस सरकत गेलेल्या तड्याच्या. मी मालकाला म्हणालो, हा दांडा कित्येक आठवडे मोडत होता. तो शेवटी तुटला तेव्हा सुकाणूवर हा माणूस होता, इतकेच. तांडेलाची नोकरी राहिली.

त्यानंतर प्रत्येक तुकडीला पहिल्या आठवड्यात मी एक नियम घालून देत असे. मोडलेली वस्तू हाती आली की आधी पाहायचे, मग वहीत तिचे चित्र काढायचे, आणि बोलायचे ते सर्वांत शेवटी. नियम मोडणाऱ्याला मी दिवसभर कानस घासायला लावी.

इस्पितळाच्या दारात तो नियम मी स्वतः मोडला.

आमचे घर मांडवीच्या वरच्या अंगाला आहे. मागील दारी जांभ्या दगडाच्या पाच पायऱ्या. वैशाखात माझी पत्नी त्या पायऱ्यांवरून पडली आणि डाव्या मांडीचे हाड मोडले. शल्यक्रिया झाली. हाडाला आधार म्हणून पोलादाची पट्टी स्क्रूंनी बसवली. पट्टीच्या वेष्टनावरची चिकटपट्टी, तिच्यावरच्या उत्पादन-क्रमांकासह, इस्पितळाने कागदांना लावून दिली. घरी पाठवताना डॉक्टरांनी बजावले : सहा महिने जमिनीवर बसायचे नाही. तिने ते पाळले. तीन महिन्यांनंतरच्या क्ष-किरण चित्रात हाड जुळत असल्याचे दिसले. ती काठी घेऊन अंगणातल्या तुळशीपर्यंत जाऊ लागली.

मग गणपती आले. चतुर्थीच्या आदल्या दिवशी, हरतालिकेला, मी बाजारातून परतलो तेव्हा ती स्वयंपाकघरात पाटावर बसून विळीवर नारळ खोवत होती. घरात दुसरे हात होते. माझ्या दिवंगत थोरल्या भावाची पत्नी, म्हणजे माझ्या वहिनी, आमच्याकडेच राहतात. पण वहिनी ऐंशीच्या पुढच्या, आणि त्यांनी खोवलेल्या नारळात करवंटीचे कण येतात, हे माझ्या पत्नीचे जुने गाऱ्हाणे.

"उठ," मी म्हणालो.

"एकवीस मोदकांपुरतं झालं की उठते."

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

"डॉक्टरांच्या घरी मोदक उभ्याने करतात वाटतं."

ती अर्धा तास बसली. मग वहिनींचा हात धरून उठली. चतुर्थीचा दिवस नीट गेला. ऋषिपंचमीच्या सकाळी ती माजघरातून ओटीवर येत होती. पडली नाही, अडखळलीही नाही. मांडीत काहीतरी कडकन वाजले आणि ती दाराच्या चौकटीला धरून खाली सरकली.

इस्पितळात तरुण डॉक्टरने विचारले, "काय झालं? पडल्या का?"

"नाही हो. चालत होते," ती स्ट्रेचरवरून म्हणाली.

मी मधे बोललो. "परवा खाली बसली होती. सांगितलं होतं, बसू नको."

डॉक्टरने मान हलवली आणि लिहिले. माझ्या पत्नीने तोंड भिंतीकडे वळवले. त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही, आणि मला त्यात वावगे वाटले नाही. चूक तिची आहे, अशी माझी खात्री होती.

दुसऱ्या शल्यक्रियेत मोडकी पट्टी काढून नवी घातली. वेगळ्या बनावटीची. मोडके दोन तुकडे मी मागून घेतले. इस्पितळाने ते प्लॅस्टिकच्या दोन लहान बरण्यांत घालून, माझी सही घेऊन, माझ्या स्वाधीन केले. एकतीस वर्षांची सवय, एवढेच.

गौरींबरोबर गणपतीचे विसर्जन होते, त्या दिवशी मला घरी यावे लागले. मूर्ती समुद्रावर पोहोचवून परतलो आणि संध्याकाळच्या उजेडात, ओटीवर बसून, बरण्या उघडल्या. भिंग काढले. मोडलेली तोंडे पाहिली.

दोन्ही तोंडांवर कमानी होत्या. स्क्रूच्या तिसऱ्या भोकाच्या काठाशी उगम पावलेल्या आणि पट्टीच्या रुंदीभर पसरत गेलेल्या. खरखरीत भाग पलीकडच्या काठाशी, नखाएवढा.

मग वही घेतली, मोजपट्टी लावून दोन्ही तोंडांचे चित्र काढले, खाली तारीख घातली. बरण्या बंद करून फडताळावर ठेवल्या. ती पट्टी, आठवड्यांमागून आठवडे, मोडत होती. हरतालिकेच्या पाटाच्या पुष्कळ आधीपासून. माझी पत्नी खाली बसली, हे खरे. त्यानंतर पट्टी मोडली, हेही खरे. पण खाली बसली म्हणून मोडली, हे त्या दोन खऱ्या गोष्टींतून निघत नव्हते. ते मी घातले होते.

सकाळी मी इस्पितळात गेलो. तिला म्हणालो, "पट्टी आधीपासून मोडत होती. तुझ्यामुळे नाही."

ती म्हणाली, "हे त्या कागदावर लिहून घेता काय?"

मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सभ्यपणे सांगितले, दाखल करताना जे सांगितले गेले ते खोडता येत नाही. बरोबर होते. मीही कोणाला खोडू दिले नसते.

दुपारी घरी आलो तर मागील दारी उन्हात समया, ताम्हन, घंटा, निरांजने अशी पितळेची भांडी वाळत मांडलेली. गणपती गेले की वहिनी ती सोलांनी आणि राखेने घासून वर्षभरासाठी बांधून ठेवतात. त्या रांगेत, निरांजनाशेजारी, पट्टीचा एक तुकडा झगझगत होता.

"भावजी, बगा कसा झालाय," वहिनी म्हणाल्या. "चांदीसारखा. रक्त लागलेलं मेलं तसंच फडताळावर ठेवलंत, बाजूला देवाची भांडी. दोनदा सोल लावली, मग नारळाच्या शेंडीने घासला."

कोकमाच्या सोलांचा आंबटपणा आणि लाकडाची राख. मोडलेल्या तोंडावरून मी बोट फिरवले. कमानी पुसट झाल्या होत्या. त्यांच्यावर शेंडीने ओढलेल्या आडव्या-उभ्या रेघा.

"दुसरा?" मी विचारले.

"कुठचा दुसरा? तो ऱ्हायला. घ्यायला गेले नि दारात मासेवाली आली."

दुसरी बरणी फडताळावर होती. झाकण घट्ट. आत तुकडा, वाळलेल्या रक्तासकट. मी बरणीवर कापडी पट्टी चिकटवली, सही केली आणि ती माझ्या पेटीत कुलपात ठेवली.

"रागावलात काय?" वहिनींनी विचारले.

"नाही."

"रागावायला झालं काय? घासलं ते घासलं. वाकडं तर केलं नाय."

तक्रार दाखल करायचे माझ्या पत्नीने ठरवले, मी नाही. काठीच्या आधाराने ती पुन्हा चालू लागली, त्यालाच पाच महिने गेले होते. आमच्या वकीलबाई रत्नागिरीतल्याच. त्यांचे वडील माझ्या हाताखाली शिकलेले. त्यांनी विचारले, "काकू, तुम्हांला नक्की काय हवंय?"

"माझ्यामुळे मोडली नाही, हे कोणीतरी शिक्का मारून लिहून द्यावं," ती म्हणाली.

"नुकसानभरपाई तर मागावीच लागेल."

"मागा. पण मी सांगितलं ते आधी."

कंपनीचा लेखी जबाब आला. जाड होता. त्यात 'निष्काळजीपणा' हा शब्द सात वेळा होता, मी मोजला. म्हणणे असे : रुग्णाने वैद्यकीय सूचना डावलली, जमिनीवर बसली, म्हणून पट्टी मोडली, पाहा, पतीचेच सांगणे कागदावर आहे. तसे नसेल तर हाड वेळेत जुळले नसावे आणि सगळा भार पट्टीवर पडला असावा. तेही नसेल, तर तुकडे तक्रारदाराच्या ताब्यात होते आणि त्यांतला एक घासलेला आहे. अर्थात पुराव्यात छेडछाड झाली आहे आणि आता काहीच सिद्ध होऊ शकत नाही.

माझ्या पत्नीने तो जबाब चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाली, "एकच पट्टी, नि मोडली तीन कारणांनी. यांना स्वतःलाच ठाऊक नाही."

"तसं मांडायची मुभा असते, काकू," वकीलबाई म्हणाल्या. "कारण सिद्ध करायचं ओझं आपल्यावर आहे. त्यांनी शंका उभ्या केल्या तरी पुरतं."

हे मला समजण्यासारखे होते. तांडेलाच्या वेळी दांडा माझ्या हातात होता आणि ऐकणारा मालक माझा शब्द मानत होता. इथे मी तज्ज्ञ नव्हतो. मी तक्रारदाराचा नवरा होतो. माझी वही, माझे चित्र, माझी तारीख यांना वजन तेवढेच. वकीलबाईंनी अर्ज केला. आयोगाने न घासलेल्या तुकड्याची बरणी मोहोरबंद करून एका धातू-परीक्षण प्रयोगशाळेकडे पाठवण्याचा हुकूम दिला. कंपनीने हरकत घेतली : तो तुकडाही घासलेला नाही, हे कशावरून? आयोगात उलटतपासणी बहुधा लेखी प्रश्नावलीवरच होते. कंपनीने ती प्रत्यक्ष मागितली. माझी आणि वहिनींची.

आदल्या दिवशी वकीलबाई घरी आल्या. "काका, खाली बसण्याबद्दल विचारतील. किती वेळ बसल्या, कशा बसल्या. 'नीट आठवत नाही' म्हणालात तरी चालण्यासारखं आहे. इतकी वर्षं झाली."

"आठवतं," मी म्हणालो.

"मला ठाऊक आहे आठवतं. म्हणून तर सांगत्ये."

"अर्धा तास. पाटावर. डावा गुडघा विळीवर टेकलेला."

त्यांनी माझ्या पत्नीकडे पाहिले. ती वाल सोलत होती. वर न पाहता म्हणाली, "विचारलं तर सांगतील. ते मागेही न विचारता सांगून बसलेत."

कंपनीचे वकील मुंबईचे होते. आवाज मृदू, कपडे इस्त्रीचे. त्यांनी दाखल-कागदाची प्रत माझ्यापुढे ठेवली.

"ही ओळ वाचलीत?"

"वाचली."

"हे तुम्ही सांगितलंत?"

"मीच."

"डॉक्टरांनी चुकीचं टिपलं, असं तुमचं म्हणणं नाही?"

"नाही. बरोबर टिपलं."

"म्हणजे तुमच्या पत्नी सूचना मोडून जमिनीवर बसल्या होत्या."

"पाटावर. अर्धा तास. नारळ खोवत होती."

इतके त्यांनी मागितले नव्हते. "आणि त्यामुळेच पट्टी मोडली, असं त्या दिवशी तुमचंच मत होतं."

"होतं."

"आता ते सोयीनं बदललं."

"आता मी पट्टी पाहिली आहे. त्या दिवशी पाहिली नव्हती. एकतीस वर्षं मी पोरांना शिकवलं की मोडलेली वस्तू पाहिल्याशिवाय कारण बोलू नका. त्या दिवशी मी न पाहता बोललो. ती बसली, हे मला माहीत होतं. त्यानं मोडली, हे माहीत नव्हतं. ते मी माझ्या पदरचं घातलं. शिकाऊ पोरानं असं केलं असतं तर मी त्याला दिवसभर कानस घासायला लावलं असतं."

अध्यक्षांनी विचारले, "हे टिपून घ्यायचं?"

"घ्या," मी म्हणालो. "सगळं घ्या."

माझी पत्नी मागच्या बाकावर, काठी दोन्ही हातांत धरून बसली होती. मी जागेवर येऊन बसलो. तिने पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली.

मग वहिनींना बोलावले. त्या उभ्या राहिल्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

"आजी, तुम्ही तुकडे घासलेत?"

"तुकडे नाय. तुकडा. एकच."

"कशाला घासलात?"

"मळला होता म्हणून. तुमच्याकडे मळलेलं तसंच ठेवतात?"

मागे कोणीतरी हसले. वकील हसले नाहीत. "दुसराही घासला असेल. एवढ्या वर्षांपूर्वीची गोष्ट. तुम्हांला काय आठवणार?"

"मला माझ्या लग्नातलं जेवण आठवतं. तुम्ही विचारा तर."

"आजी, मुद्द्याचं बोला. दुसरा का नाही घासलात?"

"मासेवाली आली."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? श्रावण पाळलेला. मग गणपती. सव्वा महिना घरात मासा नाय. विसर्जन झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती सौंदाळे घेऊन दारात. ताजे, कल्ले लाल. तुम्ही काय कराल? लोखंड घासत बसाल की मासे घ्याल?"

अध्यक्षांनी मान खाली घातली. ते रत्नागिरीचेच असावेत.

"मासे घेऊन झाल्यावर घासला असेल," वकील म्हणाले.

"मासे घेतले की साफ करायचे असतात. ते कोण करील? तुम्ही आला होतात? साफ केले, मीठ-हळद लावली, मग अंघोळ. देवाची भांडी घासून झाली होती आधीच. त्या हाताने परत त्यांच्याजवळ कोण जाईल? भावजी आले दुपारी, विचारलं दुसरा कुठाय, म्हटलं तो ऱ्हायला. त्यांनी बरणी कुलपात घातलीन. मला परत दिसली ती आज, त्या तुमच्या टेबलावर."

"तुमच्या दिरांनी तुम्हांला असं सांगायला सांगितलं?"

"हे?" वहिनींनी माझ्याकडे बोट केले. "हे दिवसाला दहा शब्द बोलतात. त्यातला एक मला येतो, जेवलो म्हणून."

तपासणी तिथे संपली. बाहेर आल्यावर वहिनींनी विचारले, "चुकलं काय माझं काही?" वकीलबाईंनी त्यांच्या पायांना हात लावला.

प्रयोगशाळेचा अहवाल यायला सात महिने लागले. मला त्यातले शब्द अनोळखी नव्हते. तडा तिसऱ्या भोकाच्या काठाशी सुरू झाला. सुरुवातीच्या जागी पोलादात परक्या मळीचा कण अडकलेला. ओतकामात पोलाद नीट शुद्ध न झाल्यास राहतो तसा. तडा तिथून टप्प्याटप्प्याने, पुष्कळ दिवस पसरत गेला. एकदम मोडलेला भाग अगदी थोडा. अहवाल देणाऱ्या तज्ज्ञांना कंपनीच्या वकिलांनी विचारले, "पण शेवटचा ताण खाली बसण्याचा असू शकतो?"

"असू शकतो," ते म्हणाले. "चालण्याचा असू शकतो. जोरात शिंकण्याचाही असू शकतो. तोपर्यंत पट्टीत फारसं काही उरलं नव्हतं."

"अखंड पट्टी अर्धा तास खाली बसल्यानं मोडेल?"

"अर्धा तास बसल्यानं मोडणारी पट्टी माणसाच्या मांडीत घालू नये."

हाड जुळत असल्याचे क्ष-किरण चित्र आमच्याकडे होतेच. चिकटपट्टीवरच्या क्रमांकाच्या मालाची तपासणी-नोंद हजर करावी, असे आयोगाने कंपनीला दोनदा सांगितले. नोंद आली नाही.

त्यानंतर पंधरवड्याने कंपनीचे एक गृहस्थ आमच्या घरी आले. बरोबर इथलेच एक वकील. ओटीवर बसले. गृहस्थांनी आंब्याच्या कलमांची चौकशी केली, समुद्राची चौकशी केली, आणि मग तडजोडीचा कागद काढला. रक्कम मी सांगत नाही. आम्ही मागितलेल्या रकमेहून ती अधिक होती. कागद माझ्या पत्नीने वाचला.

"यात लिहिलंय, कंपनी कोणताही दोष मान्य करत नाही."

"तशी पद्धत असते, काकू. सगळ्याच तडजोडींत."

"आणि याविषयी कुठे बोलायचं नाही."

"तीही पद्धतच."

"माझ्यामुळे मोडली नाही, एवढी एक ओळ खाली घालाल?"

गृहस्थांनी वकिलाकडे पाहिले. वकिलाने ओटीच्या कठड्याकडे पाहिले. "तसं लिहिता येत नाही."

तिने कागदाची घडी केली आणि परत दिली. "मग चहा घ्या. नि घेऊन झाला की निघा. पुढे आरे-वाऱ्याच्या समुद्रावर जायचं असेल, मुंबईची माणसं जातात."

"काकू, विचार करा. निकाल तुमच्या बाजूनं लागेलच, असं नाही."

"न लागू दे. मग वर जाऊ. मला कुठे चालायची घाई आहे?" तिने काठी उचलून दाखवली.

गृहस्थ माझ्याकडे वळले. "तुम्ही समजावून सांगा त्यांना."

"मी एकदा तिच्या वतीनं बोललो होतो," मी म्हणालो. "त्याचंच निस्तरतोय."

आतून वहिनी म्हणाल्या, "कप घासायला इथेच ठेवा हो. आम्ही घासतो सगळं."

निकाल लागला तेव्हा मी एकटाच आयोगात होतो. तिला थंडीने पाय ताठरला होता. प्रत घेऊन घरी आलो. तिने चष्मा शोधला, सापडला नाही. म्हणाली, "वाचा."

मी वाचले. रुग्णाच्या वर्तनामुळे पट्टी मोडली, हे विरुद्ध पक्षाने दाखवलेले नाही. पट्टीतील उत्पादनदोष हेच ती मोडण्याचे कारण होय, असे आयोगाचे मत आहे. रुग्णावर निष्काळजीपणाचा आरोप निराधार आहे.

"परत वाचा. शेवटचं."

मी परत वाचले.

"शिक्का आहे?"

"आहे. गोल."

तिने हात पुढे केला. शिक्क्यावर बोट ठेवले. मग विचारले, "तो इस्पितळाचा कागद अजून आहे ना?"

"आहे."

"तसाच?"

"तसाच. खोडता येत नाही."

"असू दे. दोन्ही एका फायलीत लावा. हा वर."

मी लावले. कंपनीने वरच्या आयोगात अपील केले आहे. करू दे. तुकडा मोहोरबंद आहे आणि आम्ही तिघेही इथेच आहोत. वहिनी आता मासेवालीचे नावही साक्षीला देऊ पाहतात.

यंदा हरतालिकेला मी बाजारातून परतलो तेव्हा माझी पत्नी स्वयंपाकघरात पाटावर बसून विळीवर नारळ खोवत होती. नव्या पट्टीभोवती हाड केव्हाच जुळले आहे. डॉक्टरांनी बसायला हरकत नाही म्हटले आहे. मी ते त्यांच्याकडून लेखी घेतले आहे. मी दारात उभा राहिलो. ती खोवत राहिली. अर्धी वाटी संपल्यावर वर न पाहता म्हणाली,

"आता हे कुठे सांगायला जाऊ नका."

"विचारलं तर सांगेन," मी म्हणालो.

"काय सांगाल?"

"बसली होती."

"आणि?"

"तेवढंच."

तिने दुसरी वाटी उचलली.